मिठाच्या दगडाची गुहा

डोंगराच्या पोटातील पोकळीला मराठीत एकच शब्द नाही. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरले, तर ते 'लेणे'. निसर्गाने घडवली, तर ती 'गुहा'. दोन खडकांच्या मधली अरुंद जागा ती 'कपार' आणि खोल, अंधारे ते 'विवर'. जी गोष्ट लोकांच्या रोजच्या वावरातली असते, तिच्यासाठी भाषेत नेमके शब्द तयार होतात.

ईशान्य भारतातील मेघालय राज्यात खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. तेथील गुहांची नावे नकाशावर वाचली, तर बहुतेकांच्या आरंभी हा शब्द दिसतो : क्रेम मावम्लुह, क्रेम मावस्माई, क्रेम पुरी, क्रेम उम लादाव. आपण 'किल्ले रायगड' म्हणतो, तशीच ही रचना आहे. आधी वस्तूचा प्रकार आणि मग तिचे विशेष नाव.

या पाठात आपण यांपैकी एका गुहेची ओळख करून घेणार आहोत. तिचे नाव क्रेम मावम्लुह. ही गुहा कशी तयार झाली, अशा गुहेची नोंद कशी करतात आणि तिच्या नावाचा अर्थ कसा शोधतात, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत. त्यांतील तिसरा प्रश्न वरवर सोपा वाटतो; परंतु सर्वांत अधिक सावधगिरी त्याच ठिकाणी बाळगावी लागते.

पाऊस आणि चुनखडी

मेघालय म्हणजे मेघांचे आलय, ढगांचे घर. हे संस्कृत नाव या प्रदेशाला भूगोलतज्ज्ञ शि. प्र. चॅटर्जी यांनी १९३६ मध्ये सुचवले. पुढे २१ जानेवारी १९७२ रोजी मेघालय हे पूर्ण राज्य झाले. नावाप्रमाणेच येथे पाऊस पडतो. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे बांगलादेशाचे सपाट मैदान ओलांडून खासी टेकड्यांच्या उभ्या कड्यांवर आदळतात आणि तेथेच रिते होतात. सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, येथे ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. साडेसव्वीस मीटर पाणी! एवढे पाणी एका जागी साठून राहिले असते, तर सात-आठ मजली इमारत त्यात बुडाली असती.

या टेकड्यांच्या दक्षिण भागात चुनखडीचा खडक आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायॉक्साइड वायू शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरले, की खडक हळूहळू विरघळतो. भेग रुंदावते, तिची नाली होते, नालीचे भुयार होते. हजारो, लाखो वर्षांनी डोंगराच्या पोटात नद्या वाहू लागतात. पाण्याची पातळी खाली गेली, की कोरडी दालने मागे उरतात.

मग उलट क्रिया सुरू होते. छतातून ठिबकणाऱ्या थेंबात विरघळलेला चुना असतो. थेंबातील वायू निघून गेला, की त्या चुन्याचा अतिशय पातळ थर मागे राहतो. छताला लोंबणारे सुळके तयार होतात आणि थेंब जेथे पडतो तेथे जमिनीतून वर येणारे खांबही तयार होतात. मराठी भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना अनुक्रमे अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. हा 'लवणस्तंभ' शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

शेजारच्या दोन गुहा

सोहराच्या परिसरात मावस्माई आणि मावम्लुह ही दोन गावे आहेत. दोन्ही गावांजवळ चुनखडीच्या गुहा आहेत आणि त्या गावांच्याच नावाने ओळखल्या जातात. मावस्माईची गुहा लहान आहे. तिच्यात विजेचे दिवे लावलेले आहेत आणि सहलीला आलेली माणसे एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात. मावम्लुहची गुहा मात्र सुमारे सात किलोमीटर लांब आहे. तिच्यात काही ठिकाणी पाण्यातून, तर काही ठिकाणी चिखलातून जावे लागते. साहजिकच प्रवासी मावस्माईला जात आणि मावम्लुहचे नाव गावकरी, गुहांचे हौशी शोधक आणि थोडे शास्त्रज्ञ यांच्यापलीकडे फारसे गेले नव्हते.

२०१८ मध्ये हे चित्र बदलले. पृथ्वीच्या इतिहासातील शेवटची सुमारे ११,७०० वर्षे 'होलोसीन' या नावाने ओळखली जातात. त्या वर्षी भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या कालखंडाचे अधिकृतपणे तीन भाग केले. त्यांतील शेवटचा भाग सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होतो आणि आपण आज त्यातच जगत आहोत. त्याच्या आरंभाचा पुरावा म्हणून मावम्लुह गुहेतील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाची निवड झाली. त्या स्तंभाचे थर म्हणजे पावसाची जणू रोजनिशीच. युरेनियम आणि थोरियम या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून थराचे वय कळते आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्या काळी पावसाळा जोरदार होता की दुबळा, याचा अंदाज येतो. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी क्षीण झाल्याची खूण या थरांत सापडली. या कालभागाला 'मेघालयन' असे नाव देण्यात आले. पुढे २०२२ मध्ये जगातील पहिल्या १०० भूवारसा स्थळांच्या यादीतही या गुहेचा समावेश झाला.

जगाच्या कालगणनेत अशा प्रकारे राज्याचे नाव गेले. परंतु ते संस्कृत नाव १९३६ मध्ये सुचलेले आहे. गुहेचे स्वतःचे खासी नाव त्याहून जुने आहे. ते काय सांगते?

अपरिचित, पण कोणाला?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'अमुक साली अमुक व्यक्तीने या गुहेचा शोध लावला' असे आपण सहज लिहितो. अजिंठ्याच्या लेण्यांचा शोध १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लावला, असे आपण वाचलेले असते. पण वाघूर नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांना त्या लेण्यांची माहिती नव्हती काय? जवळच्या एका वस्तीचे नावच लेणापूर आहे! नाव हाच ओळखीचा पुरावा असतो. ज्या जागेची कोणालाच माहिती नसते, तिला नावही नसते.

मेघालयातील गुहांनाही हेच लागू पडते. तेथील बहुतेक जमीन सरकारच्या नव्हे, तर गावसमाजाच्या, कुळांच्या किंवा व्यक्तींच्या मालकीची असते. गावाचा कारभार 'दोरबार श्नोंग' ही ग्रामसभा आणि तिचा प्रमुख पाहतो. 'श्नोंग' म्हणजे गाव. पाणी आणणे, शिकार करणे, मध गोळा करणे, शेती करणे अशा कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या रानात वावरणाऱ्या लोकांना गुहांची तोंडे ठाऊक असतात. म्हणून 'अपरिचित गुहा' याचा खरा अर्थ 'कागदावर न आलेली गुहा' असा होतो. तिला कागदावर आणणे, म्हणजेच तिची नोंद करणे, हे वेगळे आणि मोलाचे काम आहे. पण त्याला शोध म्हणण्यापेक्षा ऐकून घेणे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

गुहा कागदावर कशी येते?

मेघालयात हे काम १९९२ पासून पद्धतशीरपणे सुरू झाले. शिलाँग येथील मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन ही संस्था आणि तिचे संस्थापक ब्रायन खारप्रान डेली यांनी देशोदेशींच्या गुहाशोधकांना सोबत घेऊन मोहिमा काढल्या. दीड हजारांहून अधिक गुहांची माहिती त्यांतून एकत्र झाली. मोहिमा हिवाळ्यात, विशेषतः फेब्रुवारी महिन्याच्या सुमारास निघतात. कारण पावसाळ्यात याच गुहांतून पुराचे पाणी धावते आणि आत गेलेला माणूस परत येण्याची खात्री नसते.

सर्वांत आधी गावाची परवानगी घ्यावी लागते. त्यानंतर वाट दाखवणारा गावकरी सोबत घेऊन गुहेच्या तोंडाशी जायचे. तेथील अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवायची. मग मापन सुरू होते. साधारणपणे तीन-चार जणांचा एक गट असतो. एक जण पुढे जाऊन सहज दिसेल असा बिंदू निवडतो. मागच्या बिंदूपासून या बिंदूपर्यंत तीन गोष्टी मोजतात : अंतर, दिशा आणि चढ किंवा उतार. अंतरासाठी मोजफीत किंवा लेझर उपकरण, दिशेसाठी होकायंत्र आणि उतारासाठी उतारमापक वापरतात. चौथी व्यक्ती वहीत आकडे लिहिते आणि भिंतींची वळणे, छताची उंची, पाणी, चिखल, लवणस्तंभ, वटवाघळांची वस्ती यांचे रेखाचित्र काढत जाते.

एक उदाहरण घेऊ. दोन बिंदूंमध्ये फितीने २० मीटर अंतर भरले आणि वाट ३० अंशांनी खाली उतरत होती. अशा वेळी नकाशावर आपण २० मीटर पुढे गेलो असे धरत नाहीत. आडवे अंतर सुमारे १७.३ मीटर आणि खोली १० मीटर, असा हिशेब होतो. असे शेकडो बिंदू जोडले, की दोन चित्रे तयार होतात. वरून पाहिल्यासारखा आराखडा आणि बाजूने कापल्यासारखा उभा छेद. डोळ्यांना कधीही एकसंध न दिसणारी गुहा अशा रीतीने प्रथमच संपूर्ण दिसते.

या नोंदवहीत आकड्यांच्या सुरुवातीला, पहिल्या ओळीवर, एक रकाना असतो : गुहेचे नाव. तो भरण्यासाठी फीत उपयोगी पडत नाही. तेथे भाषेकडे वळावे लागते.

नावाची फोड

खासी भाषा मराठीच्या कुळातील नाही. मराठी भारतीय-आर्य कुळातील, तर खासी ऑस्ट्रोआशियाई कुळातील भाषा आहे. कंबोडियाची ख्मेर आणि आपल्याकडच्या संताळी, मुंडारी या भाषा त्याच विशाल कुळात मोडतात. महाराष्ट्रातील मेळघाटात बोलली जाणारी कोरकू भाषाही याच कुळातील आहे. १८४१ मध्ये थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी सोहरा येथे आले आणि त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत घातली. ती आजही चालू आहे.

म्हणून खासी नाव देवनागरीत लिहिताना काळजी घ्यावी लागते. 'मावम्लुह' या शब्दाच्या शेवटी आपण 'ह' लिहितो, कारण खासी लेखनात तेथे ते अक्षर आहे. पण खासी माणूस तेथे आपल्यासारखा 'ह' उच्चारत नाही. तो आधीचा स्वर घशात क्षणभर अडवून एकदम तोडतो. ही तोड दाखवणारे अक्षर देवनागरीत नाही. त्यामुळे आपण लिहितो ते नाव मूळ उच्चाराच्या जवळ जाते, पण त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही.

आता फोड पाहू. 'माव' म्हणजे दगड. 'म्लुह' म्हणजे मीठ. मावम्लुह म्हणजे मिठाचा दगड. येथवर काही अडचण नाही. कोणत्याही खासी भाषकाला हे दोन्ही शब्द माहीत असतात.

अडचण यापुढे आहे. गावाला 'मिठाचा दगड' असे नाव का पडले असावे? येथे मराठी वाचकाच्या मनात एक उत्तर चटकन उभे राहते. गुहेत लवणस्तंभ आहेत, 'लवण' म्हणजे मीठ. तेव्हा पांढऱ्या, चमकणाऱ्या स्तंभांवरूनच हे नाव पडले असणार! उत्तर इतके नीटस बसते, की ते खरे मानण्याचा मोह होतो. पण ते चुकीच्या पायावर उभे आहे. 'लवणस्तंभ' ही मराठी परिभाषा आहे. तेथे 'लवण' या शब्दाचा अर्थ व्यापक, म्हणजे क्षार, असा आहे. हे स्तंभ चुन्याचे असतात आणि चाखून पाहिल्यास खारट लागत नाहीत. शिवाय नाव मूळचे गावाचे आहे, गुहेला ते गावावरून मिळाले. आपल्या भाषेतील योगायोग आपण दुसऱ्याच्या गावावर लादत होतो.

मग मीठ कोठून आले? याचे उत्तर शेजारच्या गावाच्या नावात आणि जुन्या नोंदींत सापडते.

दगड, शपथ आणि मीठ

खासी टेकड्यांत जागोजागी उभ्या शिळा दिसतात. पूर्वजांच्या स्मरणार्थ किंवा एखाद्या प्रसंगाची खूण म्हणून त्या उभारलेल्या असतात. हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ मध्ये या टेकड्यांविषयी टिपणे प्रसिद्ध केली. अनेक गावांच्या नावांची सुरुवात 'माव' या शब्दाने होते, हे त्याच्या ध्यानात आले होते. १८५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर येथे आले आणि १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी या नावांची दखल घेतली.

या नोंदींवरून मावस्माईचा अर्थ लागतो. 'स्माई' म्हणजे शपथ. मावस्माई म्हणजे शपथेचा दगड. नावाचे कारण विचारल्यावर यूल यांना एका स्थानिक माणसाने सांगितले, की सोहरा आणि मावस्माई यांच्यात एकदा लढाई झाली होती. समेट झाला, तेव्हा दोन्ही पक्षांनी शपथ वाहिली आणि त्या शपथेला साक्षी म्हणून दगड उभा केला. कागद फाटतो, माणूस मरतो, दगड मात्र जागेवर राहतो.

आणि मीठ? तलवारीच्या टोकावरचे मीठ खाणे ही खासी लोकांची शपथ घेण्याची रीत होती, असे हूकर यांनी नोंदवले आहे. 'मिठाचा दगड' या नावाचा अर्थ त्यांनी याच रीतीच्या संदर्भात दिला आहे. याचा अर्थ असा, की शेजारी असलेल्या दोन गावांची नावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. एक शपथेचे नाव घेते, दुसरे शपथेच्या साधनाचे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. आपणही 'खाल्ल्या मिठाला जागणे' असे म्हणतो. बेलभंडारा उचलून शपथ घेण्याची रीत आपल्याकडे होती. मात्र साम्याबरोबर भेदही पाहावा. आपल्या वाक्प्रचारात मीठ हे अन्नदात्याशी असलेल्या इमानाचे प्रतीक आहे. खासी रीतीत ते सत्याचे साक्षी आहे आणि ते तलवारीच्या टोकावर ठेवलेले आहे. खोटे बोलणाऱ्याचे काय होईल, हे वेगळे सांगण्याची तेथे गरज नव्हती.

नाव टिपताना होणाऱ्या चुका

नावांची नोंद निष्काळजीपणे झाली, तर काय होते याचे उदाहरण सोहरातच आहे. गावाचे मूळ नाव सोहरा. ब्रिटिशांच्या कानांनी ते 'चुरा', 'चेरा' असे ऐकले. पुढे त्याला 'पुंजी' हा शब्द जोडला गेला आणि चेरापुंजी हे नाव शाळेच्या पुस्तकांतून जगभर गेले. २००७ मध्ये मेघालय शासनाने सोहरा हे नाव पुन्हा अधिकृत करण्याचा निर्णय घेतला. मुंबईजवळच्या बेटाचेही असेच झाले. तेथे दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी त्याला 'एलिफंटा' म्हटले आणि घारापुरी हे नाव पर्यटकांच्या लेखी मागे पडले.

दुसरी चूक म्हणजे ऐकलेल्या शब्दाला स्वतःच्या भाषेतील अर्थ चिकटवणे. मावसिनराम परिसरातील क्रेम पुरी या गुहेचे मापन २०१८ मध्ये झाले आणि सुमारे साडेचोवीस किलोमीटर लांबीची ती जगातील सर्वांत लांब वालुकाश्म गुहा ठरली. 'पुरी' ऐकताच आपल्याला जगन्नाथाची पुरी आठवेल किंवा ताटातली पुरी. खासी कथांतील 'पुरी' मात्र पाण्यात राहणारी परी आहे.

तिसरी चूक म्हणजे कथा आणि घटना यांची सरमिसळ. खासी परंपरेत सूर्य स्त्री आहे आणि चंद्र तिचा भाऊ. अपमानित झालेली सूर्यदेवी एकदा क्रेम लामेत लातांग या गुहेत जाऊन लपली. जगावर अंधार पसरला. अखेर कोंबड्याने तिची विनवणी केली, तेव्हा ती बाहेर आली. म्हणूनच कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो. ही कथा नोंदवहीत अवश्य यावी. पण कथा म्हणूनच यावी. ती भूशास्त्राच्या रकान्यात घालू नये आणि खोटी म्हणून वगळूही नये. गुहेकडे ते लोक कोणत्या भावनेने पाहतात, हे सांगणारा दुसरा पुरावा आपल्याजवळ नसतो.

म्हणून नाव टिपण्याचे काही साधे नियम पाळावेत. एकाच माणसाला विचारून थांबू नये. वृद्ध, स्त्रिया, गुराखी अशा वेगवेगळ्या लोकांना विचारावे. एका गुहेला दोन नावे मिळाली, तर दोन्ही लिहावीत. मावम्लुहच्या गुहेलाही क्रेम पुबोन असे दुसरे नाव आहे. शब्दाचा अर्थ, लोकांनी सांगितलेली हकिगत आणि आपला तर्क या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. आणि लोकांनी दिलेले नाव असताना नवे नाव कधीही देऊ नये.

हे सर्व कशासाठी?

एखादा विचारील, सात किलोमीटर लांब गुहेला 'गुहा क्रमांक अमुक' म्हटले तरी काय बिघडते? याचे उत्तर मेघालयाच्या टेकड्यांतच आहे. ज्या चुनखडीत गुहा घडल्या, तीच चुनखडी सिमेंटसाठी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मावम्लुहच्या परिसरातच सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि त्यासाठी चुनखडीच्या खाणी निघाल्या. जैंतिया टेकड्यांत माणूस जेमतेम सरपटत जाईल अशा बोगद्यांतून कोळसा काढला जाई. त्या खाणींच्या आम्लयुक्त पाण्याने नद्या विषारी झाल्या. २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अशा खाणकामावर बंदी घातली. खाणींनी माणसांना रोजगार दिला, हेही खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. परंतु जी गुहा कागदावर नाही, तिच्या बाजूने कोणत्याही कचेरीत काही बोलता येत नाही. खाणीचा पट्टा ठरतो, तेव्हा तेथे 'नुसता डोंगर' असतो. नकाशा, मोजमाप आणि नाव असले, तरच तेथे काहीतरी आहे हे सिद्ध करता येते.

आत काय असते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जैंतिया टेकड्यांतील क्रेम उम लादाव या गुहेत फिकट रंगाचे, दृष्टिहीन मासे आढळले. ४० सेंटीमीटरपर्यंत वाढणारे हे मासे भूमिगत पाण्यात राहणाऱ्या ज्ञात माशांत जगात सर्वांत मोठे आहेत. २०२३ मध्ये ही स्वतंत्र जाती असल्याचे जाहीर झाले आणि तिला तेथील प्नार लोकांच्या नावावरून 'निओलिसोकायलस प्नार' असे नाव देण्यात आले. ज्यांच्या भूमीत ती राहते, त्यांचे नाव विज्ञानाने तिला दिले. 'उम' म्हणजे पाणी. त्या गुहेच्या नावातच पाणी होते.

मावम्लुहच्या गुहेने आपल्याला दोन इतिहास जपून दिले. एक चुन्याच्या थरांत होता. तो वाचायला प्रयोगशाळा लागली. दुसरा तिच्या नावात होता. तो वाचायला केवळ विचारणारा आणि ऐकणारा माणूस लागला. पहिल्या इतिहासाने ४,२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ सांगितला. दुसऱ्याने सांगितले, की या डोंगरावरील माणसे दिलेला शब्द मिठाच्या आणि दगडाच्या साक्षीने पाळत. लवणस्तंभाचा तुकडा एकदा तुटला, की पुन्हा जोडता येत नाही. ते नाव उच्चारणारी शेवटची पिढी गेली, की नावाचेही तसेच होते.

तुम्ही भारतात कोठेही राहत असा, तुमच्या आसपास अशी नावे आहेत. एखाद्या ओढ्याचे, माळाचे, खिंडीचे, गल्लीचे नाव असेल. ते कोणत्याही फलकावर नसेल, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असेल. अशी तीन नावे निवडा. प्रत्येक नावाविषयी किमान दोन माणसांना विचारा. शब्दाचा अर्थ एका रकान्यात, सांगितलेली हकिगत दुसऱ्या रकान्यात आणि तुमचा तर्क तिसऱ्या रकान्यात लिहा. ज्यांनी सांगितले, त्यांना ते वाचून दाखवा. ते 'हो, असेच आहे' म्हणाले, म्हणजे तुमची नोंद पुरी झाली.